निकालाच्या दिवशी सर्व्हर का बसतो? लाखोंची गर्दी पेलणारी ‘वाटून ठेवलेली कॅश’ म्हणजे काय?

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दुपारी एक वाजता महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा निकाल ऑनलाइन लागणार होता. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून गुण ठरले होते. राज्यातले सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी आणि त्यांचे घरचे मोबाइल हातात घेऊन बसले होते. एक वाजला आणि बोर्डाच्या साइट्स उघडेनाशा झाल्या. पुढचे कित्येक तास असंख्य मुलांना आपले गुण दिसलेच नाहीत. निकाल ९९.९५ टक्के लागला होता, म्हणजे जवळपास सगळेच पास होते. पण किती टक्के पडले, हे कुणाला कळेना.

त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, ३ ऑगस्टला, बारावीचा निकाल लागला. तेव्हा तो अनेक साइट्सवर ठेवण्यात आला. आता तर डिजिलॉकरवरही गुणपत्रिका मिळते. गर्दी एका दारावर येऊ न देता अनेक दारांवर वाटायची, एवढीच ही कल्पना. जगातल्या मोठमोठ्या साइट्स हीच कल्पना जास्त हुशारीने वापरतात. तिला ‘डिस्ट्रिब्युटेड कॅशिंग’ म्हणतात. सोप्या मराठीत, वाटून ठेवलेली कॅश.

ही गोष्ट फक्त इंजिनिअर लोकांच्या कामाची नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं कोंढा हे गाव घेऊ. निकालाच्या दिवशी कोंढ्यातला मोबाइल आणि पुण्यातला लॅपटॉप एकाच सर्व्हरचं दार ठोठावत असतात. पण सर्व्हर रखडला की फटका सारखा बसत नाही. शहरात वेगवान वायफायवर चार वेळा प्रयत्न करता येतो. गावात रेंज आधीच कमी असते, त्यात अर्धं पान उघडून अडकतं आणि मग ई-सेवा केंद्रासमोर रांग लागते. निकालामागोमाग अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या तारखा येतात. तेव्हा साइट टिकणं किंवा न टिकणं हा नुसता सोयीचा प्रश्न राहत नाही.

साइट बसते म्हणजे नेमकं काय होतं?

निकालाचं पान उघडून बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की ती विनंती सर्व्हरकडे जाते. सर्व्हर ती डेटाबेसकडे पाठवतो. डेटाबेस म्हणजे सगळ्या निकालांची मूळ नोंदवही. तो क्रमांक शोधतो, नाव जुळतं का ते बघतो, विषयवार गुण काढतो आणि परत पाठवतो. एका माणसासाठी हे काम किरकोळ आहे. अडचण येते ती सगळे एकाच वेळी आले की.

साधा हिशेब करून बघू. समजा १६ लाख विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या घरून पहिल्या १० मिनिटांत सरासरी ३ वेळा प्रयत्न झाला. म्हणजे ४८ लाख विनंत्या, सेकंदाला ८ हजार. डेटाबेस सेकंदाला १ हजार उत्तरं देऊ शकत असेल, तर दर सेकंदाला ७ हजार विनंत्या मागे राहतात. एका मिनिटात रांगेत ४ लाख २० हजार विनंत्या जमतात.

इथून पुढे गाडी अजून घसरते. पान उघडत नाही म्हणून माणूस रिफ्रेश करतो. त्याची पहिली विनंती रांगेतच असते, तिच्यामागे दुसरी उभी राहते. सर्व्हर जुन्या विनंतीचं उत्तर तयार करतो तेव्हा ते घ्यायला कुणी उरलेलंच नसतं, कारण तो माणूस नव्या विनंतीबरोबर शेवटी जाऊन उभा आहे. थोड्या वेळाने सर्व्हरची सगळी ताकद कुणालाही नको असलेली उत्तरं तयार करण्यात जाते. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं : ‘सर्व्हर डाउन’.

मग कॅश म्हणजे काय?

इथली कॅश म्हणजे रोकड नव्हे. हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘लपवणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. जी वस्तू पुन्हा पुन्हा लागते, तिची एक प्रत हाताशी ठेवायची, ती कॅश. घरात तांदळाचं पोतं कोठीच्या खोलीत असतं, पण रोजच्या स्वयंपाकाचा तांदूळ ओट्याजवळच्या डब्यात असतो. तो डबा म्हणजे कॅश.

कॉम्प्युटरमध्ये हा डबा म्हणजे रॅम. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर एखादी नोंद शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. रॅममधून तीच नोंद वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात. म्हणजे एक लाख पटींचा फरक. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला एका दिवसाहून जास्त लागेल. नव्या एसएसडी डिस्कमुळे हे अंतर बरंच कमी झालं असलं, तरी रॅमच पुढे आहे. शिवाय कॅशमध्ये तयार उत्तर ठेवलेलं असतं. गुणांची बेरीज, टक्केवारी, पानाची मांडणी हे सगळं एकदाच करायचं आणि नंतर मागेल त्याला नुसतं उचलून द्यायचं.

दहावीचा निकाल कॅशसाठी अगदी आदर्श आहे. तो जाहीर होण्याआधीच पूर्ण तयार असतो आणि जाहीर झाल्यावर काही दिवस तरी बदलत नाही. एक वाजायच्या आधीच सगळे निकाल रॅममध्ये भरून ठेवले, तर एक वाजता मूळ डेटाबेसला हात लावायचीही गरज पडत नाही.

सगळे निकाल एकाच सर्व्हरच्या रॅममध्ये मावणार नाहीत का?

मावतील. एका विद्यार्थ्याचे विषय, गुण आणि नाव यांना २ किलोबाइट जागा धरली, तर १६ लाख निकाल ३.२ जीबीत बसतात. आज मध्यम किमतीच्या मोबाइलमध्येही ८ जीबी रॅम असते. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल एका फोनमध्ये मावेल.

तरीही एक सर्व्हर पुरत नाही, आणि त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे, माल मावला म्हणून गिऱ्हाइकं मावतात असं नाही. एका मशिनची नेटवर्कची तार आणि प्रोसेसर यांना मर्यादा असते. त्यापेक्षा जास्त लोक आले की रॅम कितीही वेगवान असली तरी रांग लागणारच. दुसरं म्हणजे, ते एक मशिन बंद पडलं की सगळंच बंद. आणि फेसबुकसारख्या ठिकाणी तर मालही एका मशिनमध्ये मावत नाही. फेसबुकच्या इंजिनिअर्सनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, त्यांची कॅश सेकंदाला अब्जावधी विनंत्या हाताळत होती.

भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट पाण्याच्या उदाहरणाने चटकन कळते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं प्रचंड धरण आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा जिल्हा ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने गावोगावी तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेल्याने ते मालगुजारी तलाव झाले आणि मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच मामा तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. प्रत्येक तलाव लहान, पण आपापल्या गावाच्या धानाला पुरणारा. एक तलाव फुटला तर एका गावाचं नुकसान होतं, बाकी गावांच्या बांध्यांत पाणी राहतं.

वाटून ठेवलेली कॅश अशीच असते : एका मोठ्या साठ्यावर सगळ्यांनी तुटून पडण्याऐवजी अनेक लहान साठे. फरक एवढाच की तलाव पावसाने भरतात आणि कॅश मूळ डेटाबेसमधून भरावी लागते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

कुणाचा निकाल कुठल्या सर्व्हरवर, हे कसं ठरतं?

समजा ४ कॅश सर्व्हर आहेत आणि प्रत्येकावर एक चतुर्थांश निकाल ठेवायचे आहेत. कोंढ्याच्या एका विद्यार्थिनीने आपला क्रमांक टाकला. तिचा निकाल चारपैकी कुठल्या सर्व्हरवर आहे, हे क्षणात कळायला हवं. चौघांना विचारत बसलं तर वाटणीचा फायदाच गेला.

सगळ्यात सोपा उपाय चौथीच्या गणितातला आहे : भागाकार करा आणि बाकी बघा. बैठक क्रमांकातले आकडे ४७२१८ असतील तर त्याला ४ ने भागून बाकी २ उरते. म्हणून हा निकाल २ नंबरच्या सर्व्हरवर. निकाल ठेवतानाही हाच नियम आणि शोधतानाही हाच. कुणाला विचारायची गरज नाही, कुठे यादी ठेवायची गरज नाही. चारही सर्व्हरवर जवळपास सारखा माल जातो.

आता समजा ऐन एक वाजून पाच मिनिटांनी चारपैकी एक सर्व्हर बंद पडला. उरले ३. नियमाप्रमाणे आता ३ ने भागायचं. ४७२१८ ला ३ ने भागून बाकी १ उरते. म्हणजे २ नंबरचा सर्व्हर धडधाकट असूनही, आणि निकाल तिथेच असूनही, शोध १ नंबरवर होणार. तिथे तो सापडणार नाही. मग विनंती जाणार मूळ डेटाबेसकडे.

असं किती जणांचं होईल? ४ ने आणि ३ ने भागल्यावर सारखीच बाकी उरणारे आकडे दर १२ मध्ये फक्त ३ असतात. म्हणजे २५ टक्के निकाल जागेवर राहतात आणि ७५ टक्क्यांचा पत्ता बदलतो. १६ लाखांपैकी १२ लाख! सर्व्हर बंद पडला एक आणि कॅश निकामी झाली तीन चतुर्थांश. मदत म्हणून पाचवा सर्व्हर जोडला तरी हाच घोळ : ४ वरून ५ वर गेल्यास ८० टक्के निकालांचा पत्ता बदलतो. गर्दी वाढली म्हणून मशिन वाढवावं, तर त्याच क्षणी डेटाबेसवर लोंढा येतो.

रेशन दुकानाची पद्धत

यावरचा तोडगा कळायला गावातलं स्वस्त धान्य दुकान आठवावं. प्रत्येक रेशन कार्ड एका दुकानाला जोडलेलं असतं. समजा एका परिसरात अशी ४ दुकानं आहेत आणि त्यातल्या एकाचा परवाना निलंबित झाला. तेव्हा काय होतं? त्या दुकानाची कार्डं जवळच्या दुकानांना जोडून दिली जातात. बाकी तीन दुकानांचे कार्डधारक जिथे जात होते तिथेच जातात. सगळ्या परिसराची फेरवाटणी करावी असं कुणी सुचवत नाही.

कॅश सर्व्हरसाठी हेच करणारी पद्धत १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या संशोधकांनी मांडली. डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन हे त्यांच्यापैकी प्रमुख. रीना पाणिग्रही हे भारतीय नावही त्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये आहे. पद्धतीचं नाव ‘कन्सिस्टंट हॅशिंग’. वेबवर एकाच ठिकाणी उसळणारी गर्दी कमी करणं, हाच त्या शोधनिबंधाचा उद्देश होता.

ती अशी चालते. एक मोठं वर्तुळ डोळ्यांसमोर आणा, घड्याळाच्या तबकडीसारखं. प्रत्येक सर्व्हरला एका सूत्राने त्या वर्तुळावर एक जागा मिळते. प्रत्येक बैठक क्रमांकालाही त्याच सूत्राने एक जागा मिळते. क्रमांकाच्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघायचं आणि जो पहिला सर्व्हर लागेल तो आपला. एखादा सर्व्हर बंद पडला तर फक्त त्याच्याकडे येणारे क्रमांक पुढच्या सर्व्हरकडे जातात. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. आधीच्या उदाहरणात १२ लाखांऐवजी साधारण ४ लाख निकालांचाच पत्ता बदलेल, आणि ते तर बंद पडलेल्या सर्व्हरवरचेच होते.

यात एक खोच आहे. बंद पडलेल्या सर्व्हरचा सगळा भार त्याच्या पुढच्या एकट्यावर गेला तर तोही झोपायचा. म्हणून प्रत्येक सर्व्हरला वर्तुळावर एक नाही, तर शंभर-दोनशे जागा देतात. मग एक सर्व्हर गेला की त्याच्या त्या सगळ्या तुकड्यांचे शेजारी वेगवेगळे असतात आणि भार सगळ्यांवर थोडा थोडा वाटला जातो. एका दुकानाची सगळी कार्डं एकाच दुकानावर न लादता आजूबाजूच्या तिघांना विभागून द्यावी तसं.

लेटन आणि लेविन यांनी १९९८ मध्ये याच विचारांच्या पायावर अकामाई ही कंपनी उभी केली. वेबसाइट्सच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा व्यवसाय तिने मोठा केला. लेविन यांचा मृत्यू ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यात झाला. अपहरण झालेल्या पहिल्याच विमानात ते प्रवासी होते. त्या दिवशी जगभरातले लोक बातम्यांच्या साइट्सवर तुटून पडले होते. नेमकी तीच परिस्थिती पेलण्यासाठी त्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली होती.

आज ही कल्पना अनेक रूपांत वापरली जाते. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या साइटसाठी ‘मेमकॅशडी’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. रेडिस हे दुसरं लोकप्रिय सॉफ्टवेअर वर्तुळाऐवजी १६,३८४ कप्पे करतं आणि ते सर्व्हरमध्ये वाटतं. सर्व्हर वाढला किंवा घटला की काही कप्पे इकडून तिकडे जातात, बाकीचे जागेवरच राहतात. दोन्ही सॉफ्टवेअर कुणालाही मोफत वापरता येतात.

सगळ्यांना एकच गोष्ट हवी असेल तर?

निकालात एक बरं असतं : प्रत्येकाला आपापला निकाल हवा असतो. त्यामुळे गर्दी सगळ्या सर्व्हरवर सारखी वाटली जाते. क्रिकेटचं तसं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक एकाच वेळी बघत होते. सगळ्यांना तोच चेंडू, तीच काही सेकंदांची चित्रफीत हवी होती. ती फक्त एका सर्व्हरवर ठेवली तर बाकीचे रिकामे आणि तो एक गर्दीखाली चिरडलेला.

अशा वेळी वाटणी उपयोगाची नाही, प्रती लागतात. एकच तुकडा देशभरातल्या असंख्य सर्व्हरवर ठेवायचा आणि जो प्रेक्षक ज्याच्या जवळ असेल त्याने तिथून घ्यायचा. म्हणून चांगल्या यंत्रणेत दोन्ही गोष्टी असतात. ज्याचं त्याचं वेगळं असतं ते वाटायचं आणि सगळ्यांचं एकच असतं त्याच्या प्रती काढायच्या. निकालाच्या साइटचं पहिलं पान, बोर्डाचं चिन्ह, विभागवार टक्केवारी हे प्रतींचं काम. वैयक्तिक गुणपत्रिका हे वाटणीचं काम.

कॅश रिकामी झाली की काय होतं?

मामा तलाव पावसाने भरतात आणि कॅश डेटाबेसमधून, हा फरक इथे महत्त्वाचा ठरतो. कॅश एकदम रिकामी झाली तर ती भरून घ्यायला सगळे एकाच वेळी डेटाबेसकडे धावतात. आणि डेटाबेस तर कॅशच्या भरवशावर लहानच ठेवलेला असतो.

२३ सप्टेंबर २०१० ला फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं, ते असंच. कॅशमधली एखादी सेटिंग चुकीची दिसली तर ती काढून डेटाबेसमधून ताजी आणायची, अशी एक स्वयंचलित व्यवस्था होती. त्या दिवशी डेटाबेसमधली मूळ सेटिंगच अशी बदलली गेली की व्यवस्थेला ती चुकीची वाटू लागली. झालं, प्रत्येक मशिन ती दुरुस्त करायला डेटाबेसकडे धावलं. डेटाबेस गुदमरला, उत्तराऐवजी चूक परत येऊ लागली, आणि चूक आली की कॅशमधली नोंद पुसायची असाही नियम होता. त्यामुळे आणखी धावपळ. शेवटी डेटाबेसला श्वास घेता यावा म्हणून कंपनीला अख्खी साइट काही काळ बंद ठेवावी लागली.

यावर फेसबुकने वापरलेला एक उपाय अगदी साधा आहे. एखादी नोंद कॅशमध्ये नसेल तर ती आणायला एकालाच पाठवायचं. त्याला तेवढ्यापुरता परवाना द्यायचा आणि बाकीच्यांना सांगायचं, जरा थांबा, तो घेऊन येतोय. याच २०१३ च्या शोधनिबंधातला आकडा बोलका आहे : ज्या नोंदींवर अशी झुंबड उडते, त्यांच्यासाठी डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७ हजार विनंत्यांवरून १,३०० वर आला. एकही नवीन डेटाबेस विकत न घेता.

शिळ्या माहितीचा धोका

कॅश म्हणजे प्रत. मूळ बदललं आणि प्रत तशीच राहिली की माणूस फसतो. २०२१ मध्ये हे कोट्यवधी भारतीयांनी अनुभवलं. २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता कोविन पोर्टलवर १८ वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी १ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. नंतर जे झगडणं सुरू झालं ते लसीच्या स्लॉटसाठी. इतर ॲप्सना स्लॉटची माहिती पुरवणाऱ्या सरकारी सेवेनेच तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं की ही माहिती कॅशमधली आहे आणि ती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकते.

ज्या दिवसांत स्लॉट मिनिटाभरात संपत होते, त्या दिवसांत अर्ध्या तासाची जुनी माहिती म्हणजे केव्हाच गेलेल्या एसटीची वाट बघण्यासारखं. तरीही कॅश ठेवण्यामागे कारण होतं. लाखो ॲप्स आणि लोक दर काही सेकंदांनी ताजी माहिती मागत राहिले असते, तर प्रत्यक्ष नोंदणी करणाऱ्यांची वाट अडली असती. ताजेपणा की टिकाव, यात तेव्हा टिकाव निवडला गेला.

म्हणूनच कॅशमधल्या प्रत्येक गोष्टीला ‘किती वेळ चालेल’ याची मुदत द्यावी लागते. दहावीच्या निकालाला एक दिवसाची मुदत चालते. बाजारभावाला काही मिनिटांची. बँकेतली शिल्लक किंवा शेवटची उरलेली जागा दाखवताना मात्र मूळ नोंदवहीच बघितलेली बरी.

मग शेवटच्या तारखेला फॉर्म का भरता येत नाही?

निकालाच्या साइट्स हळूहळू सुधारल्या, पण फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी आजही ‘सर्व्हर डाउन’ ऐकू येतं. याचं कारण कॅशच्या मर्यादेत आहे. कॅश वाचायला मदत करते, लिहायला नाही.

निकाल बघणं म्हणजे वाचणं. एकाच्या हजार प्रती काढल्या तरी चालतं. पण ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या धानाची नोंद करतो, फोटो पाठवतो, तेव्हा ते लिहिणं असतं. ती नोंद मूळ वहीत एकदाच आणि अचूक व्हायला हवी. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचे पर्याय, धान खरेदीची नोंदणी हेही तसंच. कोंढ्यासारख्या धानाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची नोंद वेळेत झाली नाही, तर त्याचा परिणाम थेट खिशावर होतो. तिथे कितीही कॅश सर्व्हर लावले तरी मुख्य दुखणं जात नाही.

तरी काही उपाय आहेत. वाचायची सगळी कामं, म्हणजे सूचना, याद्या, गावांची नावं, शाळा-कॉलेजांची यादी कॅशवर ढकलली, तर मूळ डेटाबेस लिहिण्यासाठी मोकळा राहतो. अर्ज आला की लगेच पोचपावती द्यायची, तो रांगेत ठेवायचा आणि सावकाश तपासून नोंदवायचा, हा दुसरा उपाय. माहिती फोनमध्येच साठवून रेंज आली की पाठवणारं ॲप, हा तिसरा. आणि चौथा उपाय तर तंत्रज्ञानाचाही नाही : जिल्हावार वेगवेगळ्या शेवटच्या तारखा. सगळ्या राज्याला एकच शेवटची तारीख दिली की गर्दी आपणच बोलावलेली असते.

सामान्य माणसाने काय करावं?

निकालाच्या दिवशी पान फिरत राहिलं तर दर दोन सेकंदांनी रिफ्रेश करू नये. प्रत्येक रिफ्रेश ही रांगेतली नवी विनंती असते आणि आपली जुनी विनंती वाया जाते. दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा बघणं स्वतःच्याच फायद्याचं असतं. बोर्डाने एकापेक्षा जास्त साइट्स दिल्या असतील तर यादीतली पहिली सोडून दुसरी-तिसरी उघडावी, कारण बहुतेक लोक पहिलीवरच क्लिक करतात. डिजिलॉकरचं खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवावं. निकालाच्या क्षणी खातं उघडायला गेलं तर ते ‘लिहिण्याचं’ काम होतं, आणि तिथे गर्दी जास्त नडते. साइटवरची एखादी यादी जुनी वाटली तर ती किती वाजताची आहे, हे बघावं.

आणि साइट बसलीच, तर ‘फार लोक आले म्हणून’ हे उत्तर पुरेसं मानू नये. दहावीला किती विद्यार्थी बसले, निकाल किती वाजता लागणार, हे बोर्डाला आधीपासून माहीत असतं. पुरात अचानक पाणी वाढतं, निकालाची गर्दी मात्र तारीख-वेळ सांगून येते. सर्व्हर एका दिवसापुरते भाड्याने मिळतात, वाटणीचं गणित १९९७ पासून उपलब्ध आहे आणि लागणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच : निकाल आधीच कॅशमध्ये भरून ठेवले होते का, आणि एक सर्व्हर बंद पडला तर काय होतं, हे आदल्या आठवड्यात कुणी तपासून बघितलं होतं का?